बाबांचा आवाज सोडवताना

माझे बाबा घरात फार बोलत नसत. उमरेडच्या विणकरांच्या घरात त्यांचा जन्म झाला. मागावर पोट भरायचे दिवस संपत आले तेव्हा ते नागपूरला आले आणि गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात लागले, ते म्हातारपणापर्यंत तिथंच राहिले. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्यांचे शब्द संपत असावेत. नंदनवनातल्या घरी परतले की हातपाय धुवायचे, जेवायचे, आणि खिडकीपाशी लाकडी तखतावर बसून बाहेर बघत राहायचे. आई म्हणायची, "सारं बोलणं दुकानात ठेवून येतात, अन् घरी रिकामा डबा आणतात."

मी त्यांची एकुलती मुलगी. मनीषनगरला राहते, शाळेत गणित शिकवते. माझ्या लहानपणी बाबांनी मला एखादी गोष्ट सांगितल्याचं मला आठवत नाही. म्हणून दुकान सुटल्यावर वर्षभरानं त्यांनी जे केलं त्याचं आम्हा दोघींना नवल वाटलं.

मोबाइलवर त्यांना एक जाहिरात दिसली होती. 'तुमच्या आठवणी, तुमच्याच आवाजात. कायम तुमच्याच.' दर आठवड्याला फोन येणार, एक बाई एक प्रश्न विचारणार, आपण उत्तर द्यायचं, ते साठवलं जाणार. पहिला महिना फुकट, मग दर महिन्याला बँकेतून आपोआप पैसे जाणार. बाबांनी त्यावर बोट टेकवलं आणि झालं. कोणाला विचारलं नाही, कुठं सही केली नाही. मला सांगितलं ते नंतर, जरा लाजत. "बोलायचं काम आहे," म्हणाले. "पाहू."

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला तो फोन यायचा. बाबांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. आवाज एका बाईचा, रेकॉर्ड केलेला, अगदी स्वच्छ पुस्तकी मराठीतला. "नमस्कार आजोबा. आजचा प्रश्न ऐकायला तयार आहात ना?" बाबा कूलर बंद करून, बंडीवर सदरा चढवून, पाठ ताठ करून बसायचे. मशीनसमोर सदरा कशाला, असं मी एकदा हसून विचारलं. त्यांनी गळ्याजवळचं बटणही लावलं.

आणि ते बोलायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दारातच थबकले. उमरेडच्या नदीबद्दल, मागाच्या आवाजाबद्दल, दुकानातल्या पहिल्या दिवशी कापडाची थानं उचलताना खांदा कसा सुजला त्याबद्दल. मध्येच हसायचे. ती बाई ठरावीक वेळ थांबून म्हणायची, "वा आजोबा. पुढे काय झालं?" आणि बाबा पुढचं सांगायचे.

आई त्या वेळी स्वयंपाकघरात असायची. तिला ते आवडत नव्हतं. "माह्याशी इतक्या वर्षांत जेवढं बोलले नाही तेवढं त्या बाईशी बोलून राहिले," असं एकदा म्हणाली. मी म्हटलं, आई, ती बाई नाही, मशीन आहे. ती म्हणाली, "तेच तं. मशीनशी बोलतात, माणसाशी नाही." गुरुवारी चार वाजता ती भांडी जरा जोरात आपटायची.

थंडीत एका सकाळी बाबा गेले. पेपर वाचता वाचता मान खाली गेली. शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं, पण ते घरीच गेले होते.

पुढच्या गुरुवारी घर माणसांनी भरलेलं होतं. उमरेडचे नातेवाईक सतरंजीवर बसलेले, आई भिंतीला टेकून. बाबांचा फोन तखतावर, त्यांच्या उशीपाशी होता, तो कोणी हलवलाच नव्हता. तो वाजला. माझ्या चुलतकाकूंनी, कोणाचा तरी समाचाराचा फोन असेल म्हणून, तो उचलला. स्पीकर चालूच होता.

"नमस्कार आजोबा," ती बाई म्हणाली. "गेल्या आठवड्यात तुम्ही फार छान बोललात. आजचा प्रश्न ऐकायला तयार आहात ना?"

काकूंनी फोन हातात धरूनच ठेवला, जणू खाली ठेवला तर फुटेल. ती बाई आपल्या ठरावीक वेळेइतकी थांबली, मग म्हणाली, "घाई नाही आजोबा. मी थांबते." मी जाऊन फोन बंद केला. संध्याकाळी त्यावर संदेश आला होता: आजोबा, आज तुमची फार वाट पाहिली.

तेरवी झाली, माणसं पांगली. मी ठरवलं की आधी हे बंद करायचं. फोनला कुलूप नव्हतं. एका रविवारी दुपारी नंदनवनला जाऊन बसले. आई आत भाकरीचं पीठ मळत होती. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

आत शिरायला बाबांना एक टिचकी पुरली होती. बाहेर पडायचं दार मात्र मला सापडेना. 'माझं खातं', त्यात 'माझी योजना', त्यात 'मदत', त्यात आणखी काही. शेवटी अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत, 'सेवा थांबवण्याबद्दल' असं लिहिलेलं दिसलं. दाबलं. त्यांनी कारण विचारलं. वेळ मिळत नाही, प्रश्न आवडले नाहीत, महाग वाटतं, दुसरी सेवा घेतली. आम्हाला हवं ते कारण त्यात नव्हतं. मी 'इतर' दाबलं. मग त्यांनी सवलत देऊ केली. ती नाकारायच्या बटणावर लिहिलं होतं, 'नको, मला माझ्या आठवणी जपायच्या नाहीत.' तेही दाबलं. वाटलं, आता संपलं.

पडदा काळा झाला. मधोमध अक्षरं आली: जाण्याआधी एकदा हे ऐका.

आणि बाबांचा आवाज आला. मोठा, स्पष्ट, खोलीभर.

"अवं थांब न. चालली कुठं? ऐकून तं घे."

ते कुठल्या तरी गोष्टीतलं वाक्य होतं. बहुतेक ते दुकानातली नक्कल करत असावेत, भाव न पटून निघालेल्या गिऱ्हाईक बाईला मागे बोलवतात तशी. मशीननं ते वाक्य मुद्दाम निवडलं होतं की आपोआप आलं, ते मला आजही माहीत नाही. त्या वेळी एवढंच कळलं की बाबा मला थांबवताहेत.

आतून ताट पडल्याचा आवाज झाला. आई धावत बाहेर आली. दोन्ही हात पिठानं भरलेले. तिनं तखताकडे पाहिलं, मग दाराकडे.

"आले?" तिनं विचारलं.

मी फोन पालथा केला. तिला कळलं, आणि कळताच ती तिथंच खाली बसली. पीठ तिच्या लुगड्याला लागलं. ती म्हणाली, "मले खरंच वाटलं वं." मी तिच्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशी पुढचं बटण दाबलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी शाळेतल्या मधल्या सुट्टीत त्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. बऱ्याच वेळानं माणूस मिळाला. तरुण मुलगा, हिंदीत बोलणारा, आवाजानं सभ्य. मी सांगितलं की खातेदार वारले आहेत, मी मुलगी बोलते आहे, सेवा बंद करा.

"सॉरी मॅडम," तो म्हणाला. "बस एक बार खातेदार को लाइन पर ले लीजिए, व्हेरिफिकेशन के लिए."

"ते वारलेत असं सांगितलं न मी तुम्हाला."

"समझ गया मॅडम. लेकिन बिना उनके कन्फर्म किए सिस्टम आगे नहीं जाएगा."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यासमोर खरंच तसाच पडदा असणार. त्यानं मला एक आपोआप चालणारी लाइन जोडून दिली. तिथं तीच गुरुवारची बाई होती. ती म्हणाली, "आजोबा, खात्रीसाठी कृपया तुमच्या आवाजात म्हणा, मला माझी सेवा थांबवायची आहे." स्टाफरूमच्या बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून मी ते म्हटलं. ती म्हणाली, "माफ करा. आवाज जुळत नाही." मी पुन्हा म्हटलं, जरा आवाज जाड करून. मग माझं मलाच भय वाटलं, की हे मी काय करते आहे, आणि मी फोन ठेवला.

बाबांचा फोन मी माझ्या घरी नेते, असं आईला म्हटलं. ती नको म्हणाली. "राहू दे. त्याइची वस्तू आहे." फोन तखतावर, उशीपाशीच राहिला. मी जेव्हा जेव्हा जायची तेव्हा तो चार्ज केलेला दिसायचा. मी त्यातून काही अर्थ काढला नाही. म्हाताऱ्या माणसाला हाताला काहीतरी काम लागतं, एवढंच वाटलं.

मग एका गुरुवारी आमची शाळा लवकर सुटली. मी थेट नंदनवनला गेले. फाटक उघडताना आतून बोलण्याचा आवाज आला. वाटलं शेजारीण आली असेल. दार लोटलेलंच होतं. आत आई तखतावर, बाबांच्या जागी, पाय खाली सोडून बसली होती. फोन मांडीवर.

"...एकच खोली होती," ती सांगत होती. "वरतून टिनं. उन्हाळ्यात अशी तापे का बस. मी फरशीवर पाणी मारो अन् तिथंच निजो. हे दुकानातून आले का म्हणत, आज कोणाच्या घरी पूर आला? बस, तेवढीच मस्करी करत. दुसरी येतच नव्हती त्याइले."

"वा आजोबा," फोन म्हणाला. "पुढे काय झालं?"

"पुढं काय," आई म्हणाली. "पोरगी झाली."

मी दारातच उभी राहिले. तिला 'आजोबा' म्हटलेलं खटकत नव्हतं. ती वाकून, फोनकडे बघत बोलत होती, जसं एखाद्या बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. बाबांच्या सदऱ्याची घडी तिच्या बाजूला ठेवलेली होती.

फोन संपला तेव्हा तिनं मला पाहिलं. ओशाळली नाही. "बस," म्हणाली.

"कधीपासून बोलून राहिली तू?"

"ती विचारते. कोणी तं उत्तर द्यावं न." मग म्हणाली, "अन् तिनं इतके दिवस त्याइचं ऐकलं. तिले आठवत असंन ते."

मी तिला समजावलं नाही. काय समजावणार होते? मनीषनगरला परत येताना गाडीवर माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता. माझी आई, जिनं आयुष्यभर त्या माणसाच्या बोलण्याची वाट पाहिली, ती आता त्याच्या जागी बसून बोलते आहे आणि पलीकडे कोणीही नाही. आणि त्या कोणीही-नाहीला दर महिन्याला तिच्या खात्यातून पैसे जाताहेत. खातं दोघांच्या नावावर होतं, म्हणून बँकेकडून ते थांबलेही नव्हते.

त्यानंतर दर गुरुवारी मी नंदनवनला जाऊ लागले. मी आत ओट्यापाशी बसायची, ती बाहेर बोलायची. मला वाटायचं की आपण घरात तिसऱ्या कोणाला तरी चोरून ऐकतो आहोत. एकदा तर तिनं सांगितलेली गोष्ट बाबांनीही सांगितली होती, आणि फोन म्हणाला, "ही आठवण तुम्ही आधीही सांगितली होती आजोबा. किती छान लक्षात आहे तुमच्या." आई त्या दिवशी बराच वेळ हसत होती. मला ते हसू बघवलं नाही.

होळीच्या आसपासचा गुरुवार असेल. ऊन वाढायला लागलं होतं. फोन आला, आईनं उचलला, नेहमीचा नमस्कार झाला. मग ती बाई म्हणाली, "आजोबा, आज तुमच्या पत्नीबद्दल बोलूया. त्यांची तुम्हाला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट कोणती?"

मी ओट्यापासून उठून दाराशी आले. तिचा हात मांडीवरच्या फोनवर तसाच होता.

"घाई नाही आजोबा," फोन म्हणाला. "मी थांबते."

ती बाई थांबली. पंखा फिरत राहिला. आईचा चेहरा असा झाला होता की जणू बाबांनाच कोणीतरी विचारलंय आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघते आहे. फोन आपोआप बंद होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

मग म्हणाली, "याचं उत्तर मी कशी देऊ? हे त्याइलेच विचारायचं होतं."

"आई."

"बंद कर ते," ती म्हणाली. "पण त्याइचा आवाज त्या लोकाइच्यापाशी काहून राहावा? तो घेऊन ये घरी. मग बंद कर."

तोवर मला फक्त बंद करायचं होतं. ते दुसरं, घेऊन यायचं, माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी बाबांच्या फोनमध्ये पुन्हा पाहिलं. सगळ्या आठवणी ऐकता येत होत्या, पण उतरवून घेता येत नव्हत्या. आणि खाली लिहिलं होतं की सेवा थांबवल्यास त्या ऐकता येणार नाहीत.

मी बँकेत जाऊन आपोआप जाणारी रक्कम थांबवली. ते काम मात्र सोपं निघालं. काउंटरवरच्या मुलीनं आईची सही घेतली आणि परवानगी रद्द केली. पण महिना उलटताच बाबांच्या फोनवर संदेश यायला लागले. आधी गोड. मग लाल अक्षरांत: आजोबा, तुमच्या आठवणी लवकरच कायमच्या पुसल्या जातील. आईनं ते वाचलं. ती लाल अक्षरं इतकी मोठी होती की तिला चष्म्याशिवायही वाचता आली. त्या दिवशी ती जेवली नाही.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला ग्राहकांच्या तक्रारींचं काम करणाऱ्या एका निवृत्त वकीलबाईंकडे पाठवलं. त्या घरीच, गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी सगळं सांगितलं. तो काळा पडदा आणि बाबांचं वाक्य सांगितलं तेव्हा त्यांनी झारी खाली ठेवली.

"तुम्ही त्या पानांचे फोटो काढलेत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग परत जा त्याच वाटेनं. प्रत्येक पानाचा फोटो घ्या. ते 'हे ऐका' वालं पान आलं की दुसऱ्या फोननं व्हिडिओ काढा. मला कळतंय, जड जाईल. पण पुरावा तोच आहे."

त्यांनी मला सोप्या शब्दांत समजावलं. जेवढ्या सहज माणसाला आत घेतलं तेवढ्याच सहज बाहेर जाऊ द्यायला हवं. बाहेरचं दार लपवणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्यं लिहिणं, दर वळणावर नवी अट घालणं, या गोष्टींना सरकारी नियमांत मनाई आहे. ग्राहक वारला तर त्याच्या वारसाला तक्रार करता येते, आणि ती कंपनीच्या गावी जाऊन नाही, आपल्या जिल्ह्यात.

"आणि आवाज?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "पैशाचं आणि रद्द करण्याचं मी छातीठोक सांगते. आवाजाचं तितकं नक्की सांगता येत नाही मला. पण त्यांनी जाहिरातीत लिहिलंय न, कायम तुमच्याच? त्या वाक्याला धरू. लिहिलंय तर निभवा म्हणू."

मी परत त्याच वाटेनं गेले. या वेळी आईला शेजारी पाठवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. राखाडी अक्षरं, कारणं, सवलत, लाज आणणारं बटण. काळा पडदा. मला वाटलं होतं की आता माहीत आहे म्हणून काही होणार नाही. पण या वेळी वाक्य वेगळं निघालं.

"सांगतो न, सांगतो," बाबा म्हणाले. "जरा बस तं खरी."

वाक्य संपेपर्यंत मी व्हिडिओ चालू ठेवला. वकीलबाईंनी नंतर तो पाहिला तेव्हा पुन्हा एकदा लावून घेतला.

सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा कागद, फोटो, व्हिडिओ. कंपनीचं पहिलं उत्तर असं आलं की खातेदारानं पडताळणी पूर्ण केल्यास आम्ही आनंदाने मदत करू. वकीलबाई ते वाचून म्हणाल्या, "यांच्याकडे माणूस बसलेला नाही की वाचत नाही, कोण जाणे." त्यांनी नोटीस लिहिली. कडक, आणि छोटी. अमुक दिवसांत सेवा बंद करा, मृत्यूनंतर घेतलेले पैसे परत करा, खातेदाराचे सगळे आवाज वारसाला द्या, आणि त्यानंतर स्वतःजवळचे पुसून टाका. नाही केलं तर नागपूरच्या ग्राहक आयोगात भेटू.

मध्ये बरेच आठवडे गेले. गुरुवारचा फोन चालूच होता. पैसे थांबल्यावर ती बाई आधी पैशांची आठवण द्यायची, मग प्रश्न विचारायची. आई आता उचलत नव्हती. पण तो वाजायला लागला की ती हातातलं काम थांबवायची आणि संपेपर्यंत हलायची नाही. एकदा मी म्हटलं, फोन बंदच करून ठेवू का. ती म्हणाली, "नको. वाजू दे. वाजायचा बंद झाला तं पुसलं असं समजंन मी."

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्यावर मला एक फोन आला. या वेळी खरी बाई होती, दमलेल्या आवाजाची. तिनं माफी मागितली, बाबांचा उल्लेख 'तुमचे वडील' असा केला, आजोबा म्हटलं नाही. सेवा बंद केली आहे, पैसे परत जातील, आवाजाच्या फाइल्स मेलवर पाठवत आहोत, असं म्हणाली. मी विचारलं की ते 'जाण्याआधी हे ऐका' वालं पान कोणी बनवलं. ती म्हणाली, "मॅडम, मला खरंच माहीत नाही." मला तिचा राग आला नाही.

फाइल्स आल्या. मी त्या माझ्या फोनमध्ये, संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवल्या. पंधरा-वीस दिवसांनी गुरुवार नसताना, भलत्याच नंबरवरून, बाबांच्या फोनवर पुन्हा ती आली. "आजोबा, तुमच्याशिवाय करमत नाही. परत याल ना?" आई खोलीत होती. मी नोटिशीची प्रत जोडून आणखी एक मेल लिहिला. त्यानंतर फोन आला नाही. तुमच्या वडिलांची सर्व माहिती आमच्याकडून पुसण्यात आली आहे, असं एका ओळीचं उत्तर मात्र आलं.

मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "पुसलं म्हंजे कुठं गेलं?"

मी गणिताची शिक्षिका. काहीतरी सांगायचा प्रयत्न केला.

आवाज घरी आले, पण ते लावायला ती बरेच दिवस तयार नव्हती. मीच एकदा तिच्यासोबत अंबाडीची पानं खुडत असताना विचारलं, लावू का एखादा. तिनं पानं जरा बाजूला सारली. मी लावला. बाबा दुकानातल्या पहिल्या दिवाळीबद्दल सांगत होते. किती पाऊस पडला होता त्या दिवशी, असं म्हणाले.

"खोटं," आई पानं खुडत म्हणाली. "दिवाळीत कायचा पाऊस? ते पोळ्याचं सांगून राहिले."

मग ती प्रत्येक गोष्टीत त्यांना दुरुस्त करू लागली. खोलीवर टिनं होती, कवेलूचं छप्पर नाही. सायकल दुसऱ्याची होती. तिला बघायला आले तेव्हा निळा नाही, पांढरा सदरा होता. बाबा आपलं सांगत राहायचे आणि ती मध्येच बोलायची, भांडायची, कधी नुसती मान हलवायची. त्यांच्यात एवढं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला बरंही वाटायचं आणि अंगावर काटाही यायचा, कारण तो आवाज तिच्यासाठी थांबत नव्हता. ती अर्ध्या वाक्यात असायची आणि तो पुढे गेलेला असायचा.

बायकोबद्दलच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी गुपचूप शोधलं. नव्हतं. तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मग एक दिवस सणांबद्दलची एक फाइल लागली. बाबा सांगत होते, सांगता सांगता थांबले. मागून भांड्यांचा आवाज आला, जरा जोरात. आणि एका बाईचा आवाज, लांबून, वैतागलेला: "झालं का तुमचं? चहा थंडा होऊन राहिला."

"आलो," बाबा म्हणाले. मग मशीनला, हळूच, "थांब बाई. बोलावून राहिली." पावलं दूर गेली. फाइल अजून संपली नव्हती. रिकाम्या खोलीचा आवाज येत राहिला. दूर कुठंतरी दोन माणसं काही बोलत होती, शब्द लागत नव्हते. कप ठेवल्याचा आवाज. आईचं काहीतरी. त्यांचं, "हं."

आईची बोटं थांबली होती.

"हे पुन्हा नको लावू," ती म्हणाली.

"काहून? तुहाच आवाज आहे न."

"म्हणूनच." ती फोनकडे बघत होती, पण तिथं बघत नव्हती. "चहाले बोलावून राहिली न, त्या बाईले काही माहीत नाही अजून."

तिनं पानं गोळा केली आणि उठून आत गेली. मी ती फाइल काढून टाकली नाही. नाव बदलून यादीत अगदी खाली ठेवली. बाकीचे आवाज आई अजून ऐकते, भांडते, कधी झोप लागेपर्यंत चालू ठेवते. तो एक मीही पुन्हा लावलेला नाही.